कलावतीच्या मापाच्या दोऱ्या

दर बुधवारी दुपारी माझ्या दारात आधी कलावतीची धाप येते आणि तिच्यामागून कलावती. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, पण फाटकापासून लिफ्टपर्यंतचा चढ तिला पुरतो. आत आल्यावर ती हातांच्या खुर्चीत बसत नाही. "उठताना खुर्चीपण माझ्याबरोबर उठते, बाई," म्हणते आणि स्टुलावर टेकते. मग पदराने मान पुसत विचारते, "आज कोण कोण येणार?"

ठाण्याच्या वर्तकनगरातल्या आमच्या टॉवरमधल्या बायका बुधवारी तिच्याकडे ब्लाउज शिवायला येतात, पण येतात माझ्या घरी. कलावतीची खोली शेजारच्या जुन्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिथे मशीन ठेवलं तर झोपायला जागा उरत नाही. तिचा मुलगा सुदेश डोंबिवलीला मानपाड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तो सारखा म्हणतो, "आई, आता माझ्याकडे राहायला ये." ती म्हणते, "तुझ्याकडे आले तर माझी गिऱ्हाइकं काय उघडी फिरतील?" मशीन माझ्या गॅलरीत ठेवलेलं आहे आणि गेली नऊ वर्षं आमचा बुधवार असा भरलेला असतो.

आमची ओळख मात्र त्याहून खूप जुनी, चव्वेचाळीस वर्षांची. मी तेव्हा आमच्या नाटक कंपनीत सरदारीणबाईचं काम करत असे. नाटकातली सरदारीण चांगली भरल्या अंगाची, आणि मी सुकटासारखी. मला सगळे सुकटच म्हणत. कपडेपट सांभाळणाऱ्या मास्तरांनी शहाडहून एक वीस वर्षांची मुलगी आणली. तिचे वडील तिथल्या एका कारखान्यात होते आणि आईकडून ती शिवण शिकली होती. तीच ही कलावती. तेव्हाही गुबगुबीत, गालांवर खळ्या. तिने माझ्यासाठी कापसाच्या गाद्या शिवल्या, कमरेच्या दोन, दंडांच्या दोन आणि पोटाची एक. आरशात पाहिलं तर मी खरंच सरदारीण!

कल्याणच्या एका प्रयोगात दुसऱ्या अंकात कमरेची एक गादी सुटून गुडघ्यावर आली. मी प्रेक्षकांकडे तोंड करून उभी, हलले तर गादी जमिनीवर. एवढ्यात माझ्या मागच्या सिंहासनाआडून एक हात आला. कलावती विंगेतून रांगत आली होती. तिने गादी वर ओढली, तोंडातली सेफ्टी पिन काढून लावली आणि रांगतच परत गेली. तोवर माझं दोन मिनिटांचं स्वगत मी थांबत थांबत पाच मिनिटं चालवलं. दुसऱ्या दिवशी एका समीक्षकाने लिहिलं की, दुसऱ्या अंकातला बाईंचा विराम अविस्मरणीय होता. कलावतीने ते कात्रण अजून जपलं आहे. तिच्या मते तो विराम तिचा आहे, आणि ते खरंच आहे.

पण मला सांगायचंय ते तिच्या दोऱ्यांबद्दल.

कलावती गिऱ्हाइकाला टेप लावत नाही. त्याचं कारण आमच्याच कंपनीत घडलं. नायिकेचं माप घेताना मास्तर ओरडले, "कंबर अडतीस!" पेटीवाले आत रियाज करत बसले होते. त्यांनी गंमत म्हणून तोच आकडा सुरात आळवला. सगळी कंपनी हसली. त्या रात्री नायिका खोलीचं दार उघडेना आणि तिसरी घंटा अर्धा तास उशिरा झाली. दुसऱ्या दिवशी कलावती टेपऐवजी पांढरी सुती दोरी घेऊन तिच्याकडे गेली. "ताई, आकडा नाही घेत. गाठ मारते." छातीला एक गाठ, कमरेला दोन गाठी शेजारी शेजारी, दंडाला तीन. त्या गाठी बघून ती कापड कापते, आणि कोणाचं माप किती हे आजवर कोणाच्या कानावर गेलेलं नाही.

प्रत्येक बाईची दोरी वेगळी. नवं माप घेतलं की नवी दोरी, पण जुनी टाकायची नाही. एका घरातल्या सगळ्या दोऱ्या त्याच घरच्या उरलेल्या कापडाच्या पिशवीत. सासू, सून, माहेरपणाला आलेली लेक, नात. काही पिशव्यांत तीस-तीस वर्षांच्या दोऱ्या आहेत.

एका बुधवारी तिने दोन दोऱ्या माझ्या पलंगावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक आईची चाळिशीतली, एक मुलीची चाळिशीतली. गाठीसमोर गाठ. एका बोटाचाही फरक नाही.

"गाण्याचं असतं तसं अंगाचंपण घराणं असतं, बाई," ती म्हणाली. "आता आपल्या टॉवरमधली लुर्दस बघा. नाताळात त्या घरी काय काय शिजतं! पण तिघी मायलेकींची कंबर मुठीत मावेल. आणि आपल्या नीलाच्या घरी वारा खाल्ला तरी अंगी लागतो."

"आणि तुझ्या घरी?"

"आमच्या घरी आम्ही वारा खातच नाही," ती खळ्या पाडत म्हणाली. "जेवतो."

नीला सातव्या मजल्यावर राहते. सत्तावन्न वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली. तिची आई मीराबाई आमच्या टॉवरच्या जागी जुनी वसाहत होती तेव्हापासून कलावतीची गिऱ्हाईक होती. ती जाऊन बारा वर्षं झाली. नीलाची मुलगी संचिता बत्तीस वर्षांची, बँकेत नोकरीला. तिघीही एकाच साच्यातल्या, रुंद खांदे, भरलेले दंड, गोल चेहरा. मला तर त्या तिघी देवळातल्या समयांसारख्या वाटत. पण संचिताला असं कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत तिला 'रोडरोलर' म्हणत. दोन ठिकाणी लग्नाची बोलणी झाली आणि मोडली. एका मुलाच्या आईने तर चहा पिताना सरळ विचारलं, "थायरॉइड तपासलंय का हो?"

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या सोसायटीत 'नव्वद दिवसांचं आव्हान' निघालं. सेक्रेटरी प्रशांत उत्साही माणूस, मनाने अगदी चांगला. त्याने क्लबहाउसमध्ये डिजिटल काटा ठेवला. दर रविवारी सगळ्यांनी त्यावर उभं राहायचं आणि आकडा ग्रुपवर टाकायचा. ज्याचं वजन जास्त उतरेल त्याला एअर फ्रायर. बक्षीस माझ्या हस्ते, कारण टॉवरमध्ये टाळ्या घेण्याचा अनुभव असलेली मी एकटीच.

संचिताने नाव दिलं. पहिल्या महिन्यात सहा किलो. ती ब्लाउज घेऊन माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पायांत स्प्रिंगा होत्या.

"कलामावशी, हा आत घे ना. लूज पडतोय!"

"अगंबाई! खरंच की!" कलावतीने बाजूच्या शिवणी उसवून आत घेतल्या. नीला पेढे घेऊन आली होती. पेढे सगळ्यांनी खाल्ले, संचिताने नाही. ती पाण्याची मोठी बाटली घेऊन बसली होती.

दुसऱ्या महिन्यात आणखी पाच. पुन्हा ब्लाउज, पुन्हा शिवणी. या वेळी कलावतीने तिच्या गालावरून हात फिरवला. "काय खातेस गं?"

"भाकरी, सॅलड, सूप. आणि तीन लिटर पाणी. मला तर चार-पाच लागतं, इतकी तहान लागते. डाएटवालीने सांगितलंय, बॉडी डिटॉक्स होतेय."

तिसऱ्यांदा ती आली ती बक्षीस समारंभाच्या अकरा दिवस आधी. सोळा किलो उतरले होते. ग्रुपवर तिचे दोन फोटो शेजारी शेजारी फिरत होते, आधीचा आणि आत्ताचा. लोक खाली फुलं आणि टाळ्या टाकत होते. बँकेतल्या एकाने तिला कॉफीला विचारलं होतं. ते तिने मला कानात सांगितलं आणि लाजली. बत्तीस वर्षांत मी तिला लाजताना पाहिलं नव्हतं.

"पुढच्या संडेला निळी साडी नेसणारे. मावशी, आता फिटिंग असं कर की सगळे बघत राहिले पाहिजेत."

कलावतीने नवी दोरी घेतली. छाती, कंबर. मग दंड. दंडाशी तिचा हात थांबला. तिने दोरी सोडली, पुन्हा गुंडाळली. पुन्हा सोडली.

"काय झालं?"

"काही नाही. पुढच्या बुधवारी देते."

"अगं, आज हवंय. दहा मिनिटांचं तर काम!"

"बुधवारी म्हटलं ना."

एवढ्या वेळात संचिता दोनदा बाथरूमला जाऊन आली होती. जाताना तिने माझ्या फ्रिजमधली थंड पाण्याची बाटली उचलली आणि दारातच संपवली.

दार बंद झालं तशी कलावती पिशव्यांच्या गठ्ठ्याकडे गेली. नीलाच्या घरची हिरवी पिशवी तिने पलंगावर उलटी केली आणि त्यातून चार दोऱ्या वेगळ्या काढून ओळीने मांडल्या. प्रत्येक दोरीवरची दंडाच्या तीन गाठींची जागा आधीच्या दोरीपेक्षा अलीकडे सरकलेली.

"ह्या कोणाच्या?"

"मीराबाईंच्या. शेवटच्या वर्षातल्या." तिने संचिताची आजची दोरी त्यांच्याजवळ ठेवली. "ह्या घरातल्या बायका आजारी पडल्या, उपास केले, तरी उतरतात त्या तोंडावर, फार तर कमरेत. दंड कधीच उतरत नाही. नीलाला टायफॉइड झाला होता तेव्हा हाडं दिसायला लागली, पण बाही तीच. बाही उतरली ती फक्त मीराबाईंची."

मला मीराबाई आठवली. अडुसष्टाव्या वर्षी तिचं वजन झरझर उतरलं होतं. ती रोज उपवन तलावाला फेरी मारायची, म्हणून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. आठ महिन्यांनी पायाला चप्पल लागून जखम झाली, ती बरीच होईना. हॉस्पिटलात नेलं तेव्हा साखर पाचशेच्या वर. बाई गेलीच.

"मी त्यांचे ब्लाउज चार वेळा आत टाचले, बाई," कलावती म्हणाली. "चारही वेळा म्हटलं, मीराबाई, कंबर आली हो तुम्हाला! त्या हसायच्या. माझ्या हातात दोरी होती. जे डॉक्टरला दिसलं नाही ते माझ्या हाताला लागत होतं, आणि मी हसत होते. आणि आता ह्या पोरीचं दोनदा टाचून बसलेय."

आता मी काय बोलले ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहायला हवं. मी म्हणाले, "अगं, स्पर्धा आहे, डाएट आहे. उगाच पोरीच्या आनंदात माती कालवू नकोस. पहिल्यांदा कोणीतरी तिला सुंदर म्हणतंय."

मला वीस वर्षं साखर आहे. टेबलाच्या खणात बोट टोचून बघायचं यंत्र आहे. तरी मी असं बोलले. रंगभूमीवर आयुष्य काढलं की टाळी ऐकून माणसाला वाटतं, सगळं ठीक चाललंय.

 चारही दोऱ्या कलावतीने पिशवीत परत ठेवल्या. पाचवी, संचिताची, नाही ठेवली. ती तिने कमरेला खोचली आणि गेली.

बुधवारी ब्लाउज तयार नव्हता. शनिवारी सकाळी नीला आणि संचिता दोघी माझ्या दारात आल्या. कलावतीला फोन करून बोलावून घेतलं होतं.

"उद्या कार्यक्रम आहे, कलावती," नीला म्हणाली. "दहा दिवस झाले. काय चाललंय तुझं?"

"मी टाचणार नाही."

"म्हणजे?"

"पोरीची साखर बघा. मग टाचते."

संचिता हसली. "मावशी, मी शुगर खातच नाहीये! तीन महिने झाले."

"खाण्याचं नाही म्हणत मी. तुला तहान किती लागते? बाथरूमला किती वेळा जातेस? परवा सुईत दोरा ओवून दे म्हटलं तर तुला नेढं दिसेना."

"ते ऑफिसच्या स्क्रीनमुळे."

"कलावती," नीलाचा आवाज चढला. ती शिक्षिका होती, वर्गाला दाबात ठेवणारा आवाज तिचा. "मुलीने कष्टाने केलंय हे सगळं. आणि तू नजर लावतेस? स्वतःला बघ जरा. तुला दोन पायऱ्या चढवत नाहीत, आणि दुसऱ्याचं उतरलेलं तुला बघवत नाही, असंच ना?"

 संचितासुद्धा "आई, अगं..." म्हणून थांबली. कलावतीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ही पिशव्या उचलून निघून जाणार आणि पुन्हा येणार नाही. मी तरी गेले असते.

ती स्टुलावरून उठली आणि संचितासमोर येऊन उभी राहिली. "मी जाडी आहे. बरोबर आहे नीलाचं. पण तू मला एक बोट दे, संचिता. बोट दिलंस की आत्ताच्या आत्ता टाचून देते. असं फिटिंग देते की माणसं बघत राहतील. एक बोट फक्त."

"आणि नॉर्मल आलं तर?"

"तर पाया पडते तुझ्या. आणि जन्मभर तुझे ब्लाउज फुकट."

"नंतर शब्द फिरवू नकोस हं, मी रेकॉर्ड करते," संचिता म्हणाली आणि हात पुढे केला. तिला सगळं लवकर संपवायचं होतं.

यंत्र मी काढलं.  रक्ताचा थेंब पट्टीवर लागला, आकडे पाच, चार, तीन, दोन, एक असे उलटे गेले आणि पडद्यावर उभा राहिला चारशे शहाऐंशी.

"मशीन खराब आहे," नीला म्हणाली.

मी माझं बोट टोचलं. एकशे बेचाळीस. माझं रोजचंच. मग संचिताचं दुसरं बोट, दुसऱ्या हाताचं. चारशे ऐंशी.

नीला पलंगावर बसली. तिला सगळं कळलं होतं, कारण आईच्या वेळी हॉस्पिटलात असेच आकडे तिने वहीत लिहून घेतले होते. संचिता मात्र त्या छोट्या पडद्याकडे बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे माझं डाएट नव्हतंच का?" आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. कलावतीने तिला पोटाशी धरलं. त्या मोठ्या, मऊ, घामेजल्या अंगात ती मुलगी दिसेनाशी झाली.

अर्ध्या तासात आम्ही ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात होतो. रक्तात आम्ल वाढायला लागलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलायला साधी. ती म्हणाली, शरीराला साखर वापरता येत नाहीये, म्हणून ते स्वतःचंच मांस जाळतंय. आणखी आठवडा गेला असता तर कुठेतरी चक्कर येऊन पडली असती, आणि मग काही सांगता आलं नसतं. तिने आजीबद्दल विचारलं, आईबद्दल विचारलं, नीलाचंही रक्त तपासायला सांगितलं. "तुमच्या घरात अंगाची ठेवण पिढ्यान्‌पिढ्या येते, तशी साखरही येते. ठेवणीशी भांडून उपयोग नाही. साखरेवर मात्र लक्ष ठेवायला हवं." कलावती माझ्या शेजारी उभी होती. तिने मान डोलावली, जणू आपलंच बोलणं कोणीतरी पाठ म्हणून दाखवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा संचिताची साखर दोनशेवर आली होती आणि ती झोपली होती. बाहेरच्या बाकावर कलावती बसली होती. कालपासून घरी गेली नव्हती. नीला आतून डबा घेऊन आली आणि तिच्याजवळ बसली. 

मग नीला म्हणाली, "काल मी तुला जे बोलले..."

"ते जाऊ दे. मला तुला काहीतरी सांगायचंय," कलावती म्हणाली. "तुझ्या आईचे ब्लाउज मी चार वेळा टाचले, नीला. शेवटच्या वर्षी. मला हाताला लागत होतं, बाही उतरतेय, काहीतरी वेगळं आहे. पण मी नाही बोलले. उलट कौतुक केलं. बारा वर्षं मला हे बोलायचं होतं."

नीलाने तिच्याकडे पाहिलं.  बारा वर्षं आपल्या आईच्या मरणाचा विचार केलेली मुलगी काय म्हणेल, कोणी सांगावं?

"चौथ्या वेळी आईने तो ब्लाउज घातला ना," नीला हळूच म्हणाली, "तेव्हा मी तिला आरशासमोर उभं केलं आणि म्हटलं, आई, माझ्यापेक्षा तूच तरुण दिसतेस. फोटो काढला. तोच फोटो भिंतीवर लावलाय आम्ही." ती थांबली. "तिच्या घरात मी राहत होते, कलावती. तू आठवड्यातून एकदा यायचीस."

तिने डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि कलावतीच्या तोंडाशी नेला. "खा. कालपासून काही खाल्लं नाहीस तू."

कलावतीने तोंड उघडलं. खाताना तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून खळीत साचलं, तरी ती चावत राहिली.

त्याच संध्याकाळी क्लबहाउसमध्ये समारंभ होता. जाण्याआधी मी संचिताला फोन केला. तिचा आवाज बारीक होता पण स्वच्छ. "आजी, सांगा तुम्ही सगळ्यांना. माझं नाव घेऊन सांगा."

प्रशांतने माइकवर विजेतीचं नाव पुकारलं, सोळा किलो चारशे ग्रॅम असा आकडा सांगितला आणि टाळ्या पडल्या. मी माइक घेतला. पन्नास वर्षांत मी कधी इतकी कमी वाक्यं बोलले नव्हते. म्हटलं, संचिता हॉस्पिटलमध्ये आहे, हे वजन आजाराने उतरलं, आणि हे ओळखलं ते आमच्या कलावतीच्या हाताने, काट्याने नाही. वजन उतरलं तर पेढे वाटा, पण आधी रक्त तपासा. बसले.

प्रशांतचा चेहरा उतरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला, बाही वर करून बसला. "मॅडम, माझंपण बघता का? माझे वडील साखरेनेच गेले." त्याची साखर बरी निघाली. एअर फ्रायर मात्र अजून क्लबहाउसच्या कपाटात पडून आहे. तो कोणाला द्यायचा हे कमिटीला ठरवता आलेलं नाही.

आता सहा महिने झाले. संचिता दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेते, स्वतःच टोचते, आणि तिच्या आईला ते अजून बघवत नाही. सोळातले दहा किलो परत आले. डॉक्टरीणबाई म्हणते, यातले थोडे सावकाश उतरवू, घाई नाही. चाल, वेळेवर जेव, झोप. कॉफीला विचारणारा तो बँकेतला मुलगा अजून विचारतो की नाही ते मी विचारलेलं नाही, आणि तिने कानात काही सांगितलेलं नाही.

हॉस्पिटलातून आल्यावर तिने पहिलं काम केलं ते कलावतीला धरून तपासणीला नेण्याचं. कलावती कुरकुरली, "मला काय धाड भरलीय? आमचं घराणंच असं." साखर काठावर निघाली आणि रक्तदाब चांगलाच वर. तेव्हापासून त्या दोघी रोज सकाळी उपवनला फेरी मारतात. मी रिक्षाने जाते आणि बाकावर बसते.

परवा एका फेरीनंतर दोघी माझ्याजवळ टेकल्या. संचिताने मोबाइल काढला. तोच फोटो, ग्रुपवर फिरलेला, बारीक चेहऱ्याचा. बराच वेळ तिने तो बघितला.

"मावशी, खरं सांग. तेव्हा मी छान दिसत होते ना?"

मला वाटलं, कलावती काहीतरी समजूत घालेल. आम्हा नाटकवाल्यांना ते सहज जमतं.

"दिसत होतीस," कलावती म्हणाली. "खूप छान दिसत होतीस. पण दंडाला हात लागल्यावर मला तुझ्याकडे बघवेना."

संचिताने मोबाइल खिशात घातला. रागावली नाही, हसलीही नाही. उठली आणि म्हणाली, "चल. अजून एक."

"अगं, आत्ता तर बसले!"

"चल म्हणते ना."

त्या दोघी निघाल्या, सावकाश, एकीचा वेग दुसरीला सांभाळत. तलावाच्या पलीकडच्या वळणावर रस्ता जरा चढतो. तिथे संचिताने कलावतीचा हात धरला, की कलावतीने तिचा, ते मला इतक्या लांबून कळलं नाही.